टी-शर्टची पट्टी वेगळी, शर्टची पट्टी वेगळी

"कुठलंही जुनं कॉटन घ्या, पट्ट्या कापा, वेणी घाला, झाला नेकलेस." हे इतक्या ठिकाणी वाचलंय की आता वैताग येतो, कारण त्यातलं 'कुठलंही' साफ चूक आहे. टी-शर्ट कॉटनचा आणि शर्टही कॉटनचाच, पण कात्री लावली की दोघं अगदी उलट वागतात.

शर्टाचं कापड सगळ्यांना माहितीये, उभे धागे आडवे धागे, कापलं की कडेने सुतं निघतात. बस.

घोळ होतो तो टी-शर्टात. होजिअरी कापड म्हणजे एकात एक अडकवलेले फासे, म्हणून कापल्यावर सुतं सुटत नाहीत आणि पट्टी हाताने ओढली की दोन्ही कडा आपोआप आत वळून मस्त गोल दोरी होते, शिवायला नको की चिकटवायला नको. पण त्यासाठी पट्टी आडवीच कापायची, म्हणजे खालच्या घडीपासून बगलेपर्यंत अंगाभोवती गोल गोल, साधारण 2 ते 2.5 सेंमी रुंद. उभी कापली तर ती तितकी ताणतही नाही आणि तशी वळतही नाही. आणि हे कुणी सांगतच नाही: आडवी पट्टी वळताना सुलट बाजू आत जाते. म्हणजे ज्या छापील डिझाइनसाठी तुम्ही तो टी-शर्ट जपून ठेवला ते दोरीत दिसणारच नाही, दिसेल तो उलट बाजूचा रंग. म्हणून आधी टी-शर्ट उलटा करून बघा. बाजूला शिवण असेल तर तिथे गाठीसारखं जाड येतं, त्यामुळे बिनशिवणीचा मिळाला तर तोच घ्या.

आता खरा सापळा. "ताणलं जातंय ना, मग चालेल." नाही चालणार! स्ट्रेच जीन्स ताणते ती त्यात घातलेल्या इलॅस्टेनमुळे, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या धाग्यामुळे, कापड मात्र उभ्या-आडव्या धाग्यांचंच, त्यामुळे तिची पट्टी वळत नाही आणि वेणी घातली की चार दिवसांत झिपऱ्या. ताणून ठरवूच नका. कापलेली कड नखाने खरवडा, सरळ सूत सुटून हातात आलं तर ते शर्टाच्या जातीचं. जवळून बघितल्यावर बारीक व्ही एकाखाली एक, साखळीसारखे दिसले तर होजिअरी. त्यातही रिब (उभ्या उंचवट्यांच्या रेघांचं) आणि इंटरलॉक (दोन्ही बाजूंनी सारखंच दिसणारं) सपाटच राहतात, त्यांची दोरी होत नाही, वेणी मात्र छान होते.

मग शर्टाचं काय करायचं? वेणी सोडून बाकी सगळं. लाकडी मणी कापडाच्या नळीत भरून मधे मधे गाठी मारा, किंवा बांगडी गुंडाळा, आणि गुंडाळायची पट्टी उरेबच, म्हणजे धाग्यांना तिरकी, कापा म्हणजे वळणावर चुण्या पडत नाहीत आणि सुतंही कमी निघतात. कड आत दुमडून सुईने टाके घाला. ग्लू गन मला अजिबात पटत नाही, गोंदाचे कडक गोळे कापडातून दिसतात आणि मानेला टोचतात. पॉलिएस्टरची कड मेणबत्तीवर किंचित वितळवून बंद करता येते पण कॉटनला हा प्रयोग करू नका, ते सरळ पेट घेतं.