सव्वा मूठ गहू आणि दोन पॅनल

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी माझं आजोळ. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिथं दोन पॅनल उभी होती, म्हणजे नेहमीसारखीच. निकाल लागला, गुलाल उधळला, डीजे नेमका हरलेल्याच्या दारात दहा मिनिटं थांबला, आणि त्या दिवसापासून माझे दोन मामा वेगवेगळ्या टपऱ्यांवर चहा पितात. टपऱ्यांत अंतर वीस पावलांचं. एकीवर बसलं की गावातला काँक्रीटचा रस्ता झकास झालाय, दुसरीवर बसलं की तोच रस्ता पहिल्या पावसात उखडणार. मी त्या रस्त्यावरून चाललोय. बराय.

दोघांपैकी कोणी खोटं बोलत नाही, ही यातली खरी गंमत. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना झाला. खेळ कसला, धसमुसळेपणाच होता, हाडं मोडली. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली आणि फाउल मोजायला सांगितलं. डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे फाउल प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले, त्याच्या निम्मेही डार्टमथच्या पोरांना दिसले नाहीत. फिल्म तीच होती. आपण कुठल्या बाजूचे हे आधी ठरतं आणि मग डोळे त्याप्रमाणे कामाला लागतात.

बरं, बाजू ठरायला काही मोठं कारण लागतं का? हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाला हा प्रश्न छळत होता, आणि त्याला तसंच कारण होतं. तो पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात लढताना जर्मनांच्या कैदेत पडला आणि वाचला. परत आला तेव्हा घरचं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यानं चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. ते १९७० आणि १९७१ मध्ये छापून आले. एका प्रयोगात मुलांना चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, तुला कँडिन्स्कीची. तुम्ही दोन गट. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा मुलांना ठाऊक नव्हतं. मग प्रत्येकाला एक तक्ता दिला: आपल्या गटातल्या एकाला आणि दुसऱ्या गटातल्या एकाला किती गुण द्यायचे ते निवड. गुणांचे पुढे पैसे मिळणार होते. तक्त्याच्या एका टोकाला आपल्याला ७, त्यांना १. मधोमध १३-१३. दुसऱ्या टोकाला आपल्याला १९, पण त्यांना २५.

हिशेबानं पाहिलं तर १९ घ्यावेत. पण मुलांचा कल तिकडे गेला नाही. आपले गुण कमी झाले तरी चालतील, त्यांच्यापेक्षा एखादा जास्त हवा, अशीच निवड पुन्हा पुन्हा दिसली. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं, बांधाचा वाद नव्हता, मागच्या पिढीचं काही नव्हतं. नुसतं ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ एवढं नाव दिलं होतं.

हा प्रयोग सांगितला की लोक हसतात. मला मात्र त्यात आपली ग्रामपंचायत दिसते, आणि ती मुलं अजिबात वेडी वाटत नाहीत. निवडणुकीत सरपंचाची खुर्ची एकच असते, तिथं किती मिळाले यापेक्षा समोरच्यापेक्षा किती जास्त मिळाले हेच मोजलं जातं. गावात नळयोजना आली तर पाणी दोन्ही पॅनलच्या घरांत येईल, पण श्रेय जाईल सरपंचाला. म्हणजे आपल्याला १९, त्याला २५. विरोधकानं ती योजना अडवली तर तो मूर्ख नाही. तो तक्ता बरोबर वाचतोय. महाराष्ट्रात २०१७ पासून सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे कितीतरी गावांत सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असा संसार चालतो. मासिक सभेत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मग प्रतिस्पर्धी कधीच एकत्र काम करत नाहीत का? करतात. आजोळच्याच शिवारात करत आलेत, तीनशे-चारशे वर्षं. फड म्हटलं की बाकी महाराष्ट्राला तमाशा आठवतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी तो शब्द पाण्याचा आहे. नदीवर छोटा दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले. त्या प्रत्येक भागाला फड म्हणतात. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा या फडात ऊस असेल तर शेजारच्यात गहू, पुढे फेरपालट. बऱ्याच शेतकऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले. पाण्याला हात शेतकऱ्यानं लावायचा नाही. पाणी भरतो पाटकरी, राखण करतो जागल्या. कुठल्या फडाला पाणी द्यायचं, टंचाईत कुठला कोरडा ठेवायचा, हे पंच ठरवतात. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचं.

यात कुठंही ‘एकमेकांवर प्रेम करा’ असा नियम नाही, हे मला फार आवडतं. माझे आजोबा ज्या माणसाशी कोर्टात भांडत होते, त्याच्या शेजारी उभं राहून गाळ उपसायचे. दोघं बोलत नसत. पण पीक एकच, पाळी एकामागून एक, आणि पाणी देणारा तिसराच, त्यामुळे समोरच्याचं वावर सुकवून स्वतःचं हिरवं ठेवायची सोयच नव्हती. आजोबा म्हणायचे, “पानीले पार्टी नही ऱ्हास.” पाण्याला पार्टी नसते. त्या व्यवस्थेनं ती ठेवू दिली नव्हती, असं मी म्हणेन.

मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास हेच कोडं संगणकात घातलं. समजा पाट साफ करायला दोघंच आहेत. दोघं आले तर दोघांना ३-३ गुण. एक आला आणि दुसऱ्यानं दांडी मारली, तर दांडीवाल्याला ५, राबणाऱ्याला शून्य. दोघंही आले नाहीत तर १-१. एकदाच खेळायचं असेल तर दांडी मारण्यात शहाणपण. पण दोघांची गाठ पुन्हा पुन्हा पडणार असेल तर? त्यांनी जगभरच्या तज्ज्ञांकडून डावपेच मागवले. पहिल्या स्पर्धेत १४ आले, दुसरीत ६२. दोन्ही वेळा जिंकला तो सगळ्यांत छोटा डाव, ॲनातोल रॅपोपोर्ट यांचा: पहिल्यांदा साथ द्या, त्यानंतर समोरच्यानं मागच्या खेपेला जे केलं तेच करा. जशास तसं. गाठ पुन्हा पडणार याची खात्री असेल, तर शत्रूशीही असं जमतं.

पण या डावात एक खोट आहे, आणि ती खानदेशातल्या माणसाला शिकवायला नको. एकदा चूक झाली, म्हणजे समजा कुणी आजारी पडला म्हणून गाळ काढायला आला नाही आणि दुसऱ्याला तो दगा वाटला, की पुढच्या खेपेला हा येत नाही, त्याच्या पुढच्याला तो येत नाही, आणि हे थांबतच नाही. दोन्हीकडून ‘जशास तसं’ चालू असलं की एका गैरसमजाची भाऊबंदकी होते आणि नातवंडं तारखेला जातात. मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड या दोघांनी १९९२ मध्ये गणित मांडून दाखवलं की अशा चुका होणाऱ्या जगात थोडा दिलदार डाव सरस ठरतो. साथीला नेहमी साथ, पण दग्याला दर वेळी दगा नाही. वर दिलेल्या गुणांच्या हिशेबात साधारण तीनातला एक सोडून द्यायचा. कुठला एक, ते आधी कळू द्यायचं नाही, नाहीतर समोरचा त्याचीच वाट बघतो.

एकदाच केलेल्या सहकार्यानं मात्र भागत नाही. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात स्पर्धा लावली. आठवडाभरात झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग शेरीफ यांनी मुद्दाम शिबिराचं पाणी तोडलं. तहानलेल्या मुलांनी मिळून बिघाड शोधला, पाणी आलं, सगळे खूश. आणि त्याच रात्री जेवताना पुन्हा शिव्या सुरू. असे प्रसंग ओळीनं आणावे लागले तेव्हा कुठं ताण उतरला. याच शेरीफ यांचा आदल्या वर्षीचा, १९५३चा प्रयोग फसला होता, त्याबद्दल कमी बोललं जातं. त्या मुलांना आधी एकत्र राहू देऊन मग वेगळं केलं होतं. दोस्ती आधीच झालेली, त्यामुळे काही केल्या ती भांडेनात.

म्हणून मला मतभेदांची तेवढी काळजी वाटत नाही, जेवढी दोन टपऱ्यांची वाटते. अमेरिकेत १९६० साली विचारलं होतं, मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? दोन्ही पक्षांत जेमतेम पाच टक्के हो म्हणाले. २०१० मध्ये रिपब्लिकनांत ४९ टक्के, डेमोक्रॅटांत ३३ टक्के. आमच्याकडे सोयरिकीत पार्टी अजून कोणी विचारत नाही. (जात विचारतात, तो वेगळा लेख.) पण फड मोडत चाललेत. वरच्या अंगाला धरणं झाली, ज्याच्या त्याच्या वावरात बोअर झाली, ज्याला त्याला आपलं पीक हवं. बोअरवाल्याला शेजाऱ्याशी गाठ पडायचं कारणच उरत नाही.

एक गाठ मात्र अजून चुकत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशातली देवी, कानबाई, घरात बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, गहू मोजायचे ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, आणि ते रोट भाऊबंदांनीच मिळून संपवायचे. गेल्या श्रावणात थोरली मामी गहू मोजत होती. मामांचं नाव झालं, पोरांची झाली. मग तिनं क्षणभर हात थांबवला, दाराकडे पाहिलं, आणि दुसऱ्या टपरीवर बसणाऱ्या धाकट्या मामांच्या नावानं सव्वा मूठ सुपात टाकली. ते रात्री उशिरा आले. जेवले. रस्त्याचा विषय निघाला तेव्हा उठून हात धुवायला गेले.