वल्हांडणाची पंगत: कोकराच्या गटापासून सामुदायिक सेदेरपर्यंत

वल्हांडण, म्हणजे पेसाह, हा इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण ठेवणारा ज्यूंचा सण. तो घरातला सण असं सर्रास सांगितलं जातं. सेदेर, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या रात्रीचं विधीपूर्वक जेवण, घरच्या टेबलावर होतो, प्रश्न घरातलं धाकटं मूल विचारतं, त्यामुळे तसा समज होणं साहजिक आहे. सिनेगॉगमधला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातला) सामुदायिक सेदेर मग एकट्यादुकट्यांसाठी काढलेली अलीकडची सोय वाटतो. पण या सणाची रचना मुळातच एका कुटुंबापुरती नव्हती.

बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायातच सांगितलं आहे की सणाला कापायच्या एका कोकरासाठी घर लहान पडत असेल तर माणसं मोजून शेजाऱ्याला बरोबर घ्यावं. जेरुसलेमच्या मंदिराच्या काळात हा नियम काटेकोर झाला. निसान या ज्यू महिन्याच्या १४ तारखेला दुपारी कोकरू कापत, आणि ते कोणाकोणासाठी आहे हे कापण्याआधीच ठरलेलं असावं लागे. त्या गटात ज्याची गणना झाली नाही, त्याला त्यातला घासही चालत नसे. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस सांगतो की गटात निदान दहा जण असत. यामागचा हिशेब साधा आहे. मांस भाजूनच खायचं, त्याच रात्री संपवायचं आणि सकाळपर्यंत काहीही उरू द्यायचं नाही. चार माणसांच्या घराला ते जमणारं नव्हतं.

इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झालं. कोकरू गेलं, पंगत राहिली. सुमारे इ.स. २००च्या मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, ‘पेसाहिम’ या भागाच्या दहाव्या प्रकरणात, सेदेरचा सांगाडा दिसतो: द्राक्षारसाचे चार प्याले, मत्सा (बेखमीर भाकरी), कडू भाजी, मुलाचे प्रश्न. त्या प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला गरिबाचा विचार आहे. इस्राएलातल्या गरिबानेही रेलून बसल्याशिवाय जेवू नये, आणि त्याला चारपेक्षा कमी प्याले देऊ नयेत, मग ते धर्मादाय अन्नातून द्यावे लागले तरी चालतील. म्हणजे गरिबाच्या सेदेरचा भार समाजावर आला, आणि पेसाहमध्ये सिनेगॉगवाल्या समाजाचं खरं काम इथून सुरू होतं.

याचा एक पुरावा प्रार्थनेच्या क्रमातच आहे. शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र हा विश्रामदिन) आणि सणांच्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये किद्दुश, म्हणजे द्राक्षारसाच्या प्याल्यावरची प्रार्थना, म्हणण्याची प्रथा पडली, कारण वाटसरू तिथेच जेवत आणि झोपत. पेसाहच्या रात्री मात्र तिथे किद्दुश म्हणत नाहीत. ‘शुलहान अरुख’ या १६व्या शतकातल्या संहितेतही हेच आहे, आणि कारण एकच: त्या रात्री द्राक्षारस नाही असा गरीब कोणी उरलेलाच नसतो. सबंध समाजाने आपलं काम आधीच पार पाडलंय, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

हे काम चाले गव्हाच्या निधीतून. गावात बारा महिने राहिलेल्या प्रत्येकाने पेसाहच्या गव्हासाठी वर्गणी द्यावी, हा नियम जेरुसलेमी तालमूद या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथापासून चालत आला आहे. मत्सा करताना पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भट्टीत भाजली गेली पाहिजे, नाहीतर पीठ आंबू लागतं आणि हामेत्स, म्हणजे पेसाहमध्ये वर्ज्य असलेलं आंबलेलं धान्य, ठरतं. त्यामुळे मळायला आणि लाटायला बरेच हात लागत, आणि ते बहुधा गरीब बायकांचे असत. १८३८च्या सुमारास फ्रान्समधल्या आल्सासमध्ये मत्साचं यंत्र निघालं आणि १८५९ मध्ये त्यावरून रब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंमध्ये, मोठा वाद पेटला. विरोध करणाऱ्या रब्बी श्लोमो क्लुगर यांनी कणकेच्या शंकांबरोबरच या बायकांची कमाई बुडेल हेही कारण दिलं. यंत्र टिकलं, पण हा मुद्दा मांडावासा वाटला यातच निधीमागची वृत्ती दिसते.

सामुदायिक सेदेर याच ओळीत बसतो, आणि त्याच्या अडचणीही जुन्याच आहेत. नावं आधी घ्यावी लागतात. मत्सा, कडू मुळा, प्रत्येकी चार प्याले (एक प्याला कमीत कमी ८६ मिली धरतात, काहींच्या मते बराच मोठा) हे सगळं माणसांच्या संख्येवर ठरतं. हग्गादा, म्हणजे सेदेरला वाचायचं पुस्तक, सर्वांकडे एकाच आवृत्तीची हवी, नाहीतर पान सांगण्यातच वेळ जातो.

घोटाळा जास्त स्वयंपाकघरात होतो. वर्षभराची धातूची भांडी, त्यांतला हामेत्सचा अंश जावा म्हणून, २४ तास न वापरता ठेवून उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायची. पण कानाच्या सांध्यात मळ राहिला तर भांडं शुद्ध झालं असं धरत नाहीत. चिनी मातीच्या ताटांना हा उपाय लागूच नाही, ती वेगळीच ठेवावी लागतात. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) परंपरेत भात आणि कडधान्यं वर्ज्य आहेत, बऱ्याच सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) घरांत चालतात, म्हणून मेन्यू ठरवण्याआधीच हे विचारून घ्यावं.

सेदेर शनिवारी रात्री आला तर घाई उडते. शब्बाथला पुढच्या रात्रीची तयारी करता येत नाही, म्हणून मुळा किसणं, मिठाचं पाणी करणं आणि कोकराची आठवण म्हणून ताटात ठेवायचं हाड भाजणं शुक्रवारीच उरकून घ्यावं. टेबलं मांडायची ती मात्र अंधार पडून शब्बाथ संपल्यावरच. अफिकोमान, म्हणजे जेवणाच्या शेवटी खायचा मत्साचा तुकडा, मध्यरात्रीच्या आत खायचा असल्याने अशा वर्षी जेवण लांबवून चालत नाही.