मेकॉम्बच्या ज्युरीत सगळे गोरेच का होते?

'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचलेल्या बहुतेकांच्या मनात घर करून राहतो तो ॲटिकस फिंच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेकॉम्ब या गावाचा रोष ओढवून घेऊन एका निरपराध कृष्णवर्णीय माणसाचं वकीलपत्र चालवणारा बाप, आणि ते सगळं पाहणारी त्याची छोटी मुलगी. पण हार्पर लीच्या या कादंबरीतला खरा प्रश्न मला ज्युरीच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, बाकांवर बसलेला दिसतो. ॲटिकसचा अशील टॉम रॉबिन्सन याच्यावर युएल कुटुंबातल्या गोऱ्या मुलीला मारहाण करून बलात्कार केल्याचा आरोप आहे. त्याचा डावा हात कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला आहे. आरोपात सांगितली तशी मारहाण त्याला करता येणं जवळजवळ अशक्य आहे, हे भर कोर्टात सगळ्यांना दिसतं. तरीही ज्युरी त्याला दोषी ठरवते.

कादंबरीत ॲटिकस मुलांना सांगतो की अलाबामात बायकांना ज्युरीत बसता येत नाही. ते खरंच होतं आणि 1966 पर्यंत तसंच राहिलं. त्याच कोर्टात वरच्या सज्जात दाटीवाटीने बसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी कुणी खाली ज्युरीत का नाही, हा प्रश्न मात्र त्या संभाषणात निघत नाही. गोष्ट 1930 च्या दशकात घडते. उत्तरासाठी त्याच्याही साठेक वर्षं मागे जावं लागतं.

अमेरिकेचं यादवी युद्ध 1865 मध्ये दक्षिणेकडच्या गुलामगिरीवाल्या राज्यांच्या पराभवाने संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली. 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व दिलं, 1870 च्या पंधराव्या दुरुस्तीने पुरुषांना मताचा हक्क. केंद्राचं सैन्य दक्षिणेत तळ ठोकून होतं तोवर हे हक्क कागदावरच राहिले नाहीत. कालचे गुलाम मतं देत होते, ज्युरीत बसत होते, निवडून येत होते. गुलामीत जन्मलेला बेंजामिन टर्नर अलाबामातून थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये पोचला. याच काळात, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. शूद्रातिशूद्रांना दास्यातून सोडवताना आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. तेव्हा ती आशा धरायला भक्कम आधार होता. चारच वर्षांत तो निखळला. 1877 मध्ये केंद्राने दक्षिणेतून हात काढून घेतला आणि जुने जमीनमालक पुन्हा सत्तेवर पक्के बसले.

पुढची काही दशकं दहशतीची होती. 1877 ते 1950 या काळात झुंडींनी ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांच्या 4,400 हून अधिक घटना माँटगोमेरीच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेने नोंदवल्या आहेत. कादंबरीत तुरुंगापुढे जमलेली झुंड एका लहान मुलीच्या निरागस बोलण्याने ओशाळते आणि परत फिरते. प्रसंग हृद्य आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर मला तो पुस्तकातला सगळ्यात कच्चा भाग वाटतो. त्या झुंडींत लहान मुलांना खांद्यावर घेऊन तमाशा दाखवायला आणलेले बाप असत. त्या प्रसंगांची छायाचित्रं छापून पोस्टकार्डं विकली जात.

दहशतीपेक्षा टिकाऊ काम कायद्याने केलं. 1901 मध्ये अलाबामाची नवी राज्यघटना लिहायला परिषद भरली. तिचा अध्यक्ष जॉन नॉक्स हा नामांकित वकील. केंद्रीय राज्यघटनेच्या चौकटीत राहून गोऱ्यांचं वर्चस्व स्थापन करणं हाच आपला हेतू आहे, असं त्याने उद्घाटनाच्या भाषणात उघडपणे सांगितलं. हेतू तडीस कसा नेला तेही पाहण्यासारखं आहे. 'कृष्णवर्णीय' हा शब्द मताधिकाराच्या अटींत कुठेच नव्हता. लिहिता-वाचता येण्याची परीक्षा होती, मालमत्तेची अट होती, आणि वर्षाला दीड डॉलरचा मतदान कर होता. एक वर्ष चुकलं तर तो पुढच्या वर्षाच्या थकबाकीत चढत जाई. परीक्षेत कोण पास, कोण नापास, हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवी. राज्यात मतदानाच्या वयाचे सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय पुरुष होते. 1903 पर्यंत मतदारयादीत त्यांच्यातले 3,000 सुद्धा उरले नाहीत. त्या कराने हजारो गरीब गोऱ्यांचंही मत गेलं, आणि परिषदेतल्या जमीनदारांना त्याचंही वाईट वाटलं नाही. म्हणूनच मेकॉम्बचं पाप उकिरड्याशेजारी राहणाऱ्या युएल कुटुंबाच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येत नाही. ही व्यवस्था शिकल्यासवरलेल्या, चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसणाऱ्या माणसांनी कलमवार लिहून काढली होती.

ज्युरीची तऱ्हा तीच. कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळणारा कायदा अवैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1880 मध्येच सांगितलं होतं. मग अलाबामाच्या कायद्यात रंगाचा उल्लेखच आला नाही. प्रामाणिक, समंजस आणि लोकांत मान असलेल्या पुरुषांची नावं ज्युरी आयुक्तांनी यादीत घालावीत, एवढीच भाषा. आयुक्त गोरे. त्यांच्या दृष्टीने असा एकही कृष्णवर्णीय जिल्ह्यात नसे.

हा मुखवटा उतरला तो अलाबामातल्याच स्कॉट्सबरोच्या खटल्यात. 25 मार्च 1931 रोजी मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या बेकार गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पोरांत मारामारी झाली. पेंट रॉक स्थानकावर शेरीफच्या माणसांनी नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडलं. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या तरुणींनी बलात्काराचा आरोप केला. दोनच आठवड्यांत खटले संपले. वकील ऐनवेळी उभे राहिले होते, त्यांची तयारी शून्य होती. नवातल्या आठ जणांना देहदंड सुनावला गेला. नववा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता.

1932 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षा रद्द केल्या, कारण मुलांना नीट वकील मिळाला नव्हता. फेरखटल्यात रूबी बेट्स या तरुणीने साक्ष फिरवली आणि असं काही घडलंच नव्हतं, असं शपथेवर सांगितलं. ज्युरीने तरीही दोषीच ठरवलं. तेव्हा न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुरावा तपासून तो निकाल स्वतः बाजूला ठेवला. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर पुन्हा कधी बसले नाहीत. ॲटिकसइतकंच हॉर्टन यांचं नाव घराघरांत माहीत असायला हवं होतं.

मग बचावाचे वकील सॅम्युएल लायबोविट्झ यांनी ज्युरीच्या यादीलाच हात घातला. स्कॉट्सबरो ज्या जॅक्सन काउंटीत (जिल्ह्यात) येतं तिच्या नोंदवहीत काही कृष्णवर्णीयांची नावं होती, पण ती मागाहून घुसडल्याचं शाईवरून आणि ओळींवरून दिसत होतं. वहीच सर्वोच्च न्यायालयात आणली गेली आणि न्यायमूर्तींनी भिंग लावून पानं पाहिली. एप्रिल 1935 मध्ये निकाल आला: कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे ज्युरीबाहेर ठेवणं घटनाबाह्य आहे. साधारण त्याच वर्षी, कादंबरीच्या कालगणनेत, टॉम रॉबिन्सनचा खटला उभा राहतो. नऊ मुलांपैकी चौघांवरचे आरोप 1937 मध्ये मागे घेतले गेले. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं तुरुंग भोगला. शेवटच्या तिघांना माफी मिळाली ती 2013 मध्ये, मरणोत्तर.

हार्पर ली 1926 मध्ये मन्रोव्हिलला जन्मली. ते गावच मेकॉम्ब झालं. स्कॉट्सबरोची बातमी देशभर पोचली होती, पण तिच्या गावात त्याहून जवळचं काही घडलं होतं. 1933 मध्ये वॉल्टर लेट या कृष्णवर्णीयावर गोऱ्या स्त्रीने असाच आरोप केला आणि त्याला देहदंड झाला. गावातल्याच काही प्रतिष्ठितांना शंका आली, त्यांनी गव्हर्नरला लिहिलं आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. तोवर लेटचं मन ढासळलं होतं. 1937 मध्ये तो सरकारी रुग्णालयात क्षयाने गेला. या खटल्याच्या बातम्या 'मन्रो जर्नल'मध्ये आल्या, आणि ते वृत्तपत्र लीचे वडील चालवत होते. हे ए. सी. ली वकीलही होते. तरुणपणी त्यांनी खुनाच्या खटल्यात दोन कृष्णवर्णीयांचा बचाव केला होता. दोघेही फाशी गेले.

पुस्तक लिहिलं गेलं ते मात्र 1950 च्या दशकाच्या अखेरीस, आणि ते त्या काळाचंही आहे. 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला. सगळ्या गोऱ्या ज्युरीने तासाभरात मारेकऱ्यांना सोडलं. काही महिन्यांनी त्यांनी एका नियतकालिकात पैसे घेऊन गुन्ह्याची कबुली दिली. 1955 च्याच डिसेंबरात माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार सुरू झाला. 1960 च्या जुलैमध्ये कादंबरी आली, 1961 मध्ये पुलित्झर मिळालं.

मन्रोव्हिलने पुढे जुन्या कोर्टाचं संग्रहालय केलं, तिथे या कथेचं नाटकही होऊ लागलं. त्याच गावात 1986 मध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय लाकूडतोड्याला पकडलं गेलं. खुनाच्या वेळी तो घरी होता, हे सांगणारे डझनभर साक्षीदार होते. खटला गोऱ्यांची वस्ती जास्त असलेल्या शेजारच्या काउंटीत नेण्यात आला. ज्युरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय होता. दोषी ठरवल्यावर ज्युरीने जन्मठेपेची शिफारस केली, पण न्यायाधीशांनी ती डावलून देहदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या तरुण वकिलाने खोट्या साक्षी उघड केल्यावर 1993 मध्ये मॅकमिलियन सुटला. ज्युरीची शिफारस डावलून देहदंड देण्याचा न्यायाधीशांचा अधिकार अलाबामाने 2017 मध्ये काढून घेतला.