पाठ, मान आणि आमचे सर: पहिल्यांदा येण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठ-मानेवर हातांनी उपचार करायच्या, क्लिनिकमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीवरचा फोटो बघतो आणि काउंटरवर मला दोन प्रश्न विचारतो. एक, "सर खरंच कारगिलला होते?" दुसरा, जरा दबक्या आवाजात, "मान कडकन वाजवतात म्हणे, काही होत नाही ना?" रोज तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे पत्रक. सर माझे सख्खे थोरले भाऊ. घरी दादा, इथे मीही सरच म्हणते.

कारगिलचं

होय, होते. बीएस्सी झाल्यावर चेन्नईच्या लष्करी अकादमीतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती अधिकाऱ्याची नोकरी, घेऊन ते तोफखान्यात गेले. तोफखान्याची शाळा आपल्या नाशिकजवळ, देवळालीला. तेवढे महिने आई खूश होती, रविवारी डबा घेऊन जाता यायचं. १९९९ च्या जूनमध्ये त्यांच्या तोफा द्रासला रस्त्याच्या कडेला लागल्या होत्या. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. दहा हजार फुटांवर बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते, आणि तिथे रात्रभर ते गोळे हातोहात पुढे सरकवायचे. हे काम अधिकाऱ्याचं नाही, पण माणसं कमी पडली की कोण बघतं? एका पहाटे सरांनी वाकून, वर कमरेतून वळून गोळा उचलला आणि खालीच बसले.

इथे ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो. गोळी लागली असेल असं वाटलेलं असतं. गोळीबिळी नाही, उसण भरली. पण साधी नव्हती. डाव्या पायात करंगळीपर्यंत मुंग्या आल्या. आपण 'गादी सरकली' म्हणतो ते हेच. खरं तर गादी जागची हलत नाही, तिचा फुगवटा बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर दाब पडतो.

२००१ मध्ये कमिशन संपलं. ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून अंधेरी, अशी नोकरी सुरू झाली. कंबरेसाठी एका रुग्णालयात दाखवलं, तर सहा आठवडे पडून राहायला सांगितलं. सैनिकच तो, हुकूम तंतोतंत पाळला, आणि उठले तेव्हा जिना चढताना मांड्या थरथरत होत्या. कंबर धरली की हिंडतं-फिरतं राहावं, हे आज सगळे सांगतात. तेव्हा सरांना कुणी सांगितलं नाही.

पुढे ऑफिसच्या कामाने लंडनला गेले असताना तिथल्या एका कायरोप्रॅक्टरकडे गेले. त्याने पहिल्या दिवशी पाठीला हातच लावला नाही. पाऊण तास प्रश्न विचारले, पाय टोचून बघितले, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. सर अजून सांगतात, "मला वाटलं, हा तर टेहळणी करतोय. आम्हीही लक्ष्य बघितल्याशिवाय गोळा सोडत नव्हतो." तिथेच त्यांच्या डोक्यात शिरलं. इंग्लंडमध्ये बोर्नमथला १९६५ पासून कायरोप्रॅक्टिकचं कॉलेज आहे. चार वर्षं तिथे शिकले. त्यासाठी कळव्याचा फ्लॅट विकला. त्याची आज काय किंमत झाली असती, हा विषय आमच्या घरात निघत नाही.

लढाईवरून येऊन हा धंदा शिकणारे सर काही पहिले नव्हेत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकेच्या सरकारने १९४४ च्या कायद्याने उचलला, आणि त्या पैशावर पुष्कळ जण कायरोप्रॅक्टिकच्या कॉलेजात गेले. त्यांचे फ्लॅट वाचले.

हे नेमकं काय आहे

कायरोप्रॅक्टिक म्हणजे ग्रीक शब्दांवरून 'हातांनी केलेलं'. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये ते सुरू केलं. मणका सारखा केला आणि एका माणसाचा बहिरेपणा गेला, असा त्यांचा दावा होता. सर त्यावर विश्वास ठेवत नाहीत. मधुमेह, दमा, बीपी मणक्यातून बरं करतो असं कुणी म्हणालं तर उठून या, अगदी आम्ही म्हणालो तरी. कंबरदुखीत या उपचाराने फरक पडतो, पण साधारण तेवढाच फरक नीट केलेल्या व्यायामानेही पडतो. म्हणून सर दोन्ही करायला लावतात, आणि व्यायाम चुकवला की ओळखतात.

सर एमबीबीएस नाहीत. औषध लिहून देत नाहीत, सुई देत नाहीत. आपल्याकडे डॉक्टरांची वैद्यक परिषद असते तशी कायरोप्रॅक्टरची नाही. त्यामुळे कोणाकडेही जा, कुठे आणि किती वर्षं शिकलात हे बिनधास्त विचारा. हाडवैद्य, जिम ट्रेनर, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेला, सगळेच हल्ली ही पाटी लावतात. आमचं प्रमाणपत्र फोटोच्या शेजारी आहे, पण फोटोपुढे ते कुणी वाचत नाही.

तो 'कडक' आवाज

हाड मोडत नाही, बसतही नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब उतरतो, पोकळी तयार होते आणि आवाज येतो. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं जातात. बोटं मोडून बघा. आवाज आला नाही म्हणून पैसे वाया गेले असं नाही, आणि 'सर, अजून एकदा वाजवा ना' म्हटलं तर सर वाजवत नाहीत.

मानेच्या बाबतीत स्पष्ट सांगते. मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत. क्वचित, पण आहेत. सर बहुतेक वेळा मानेला झटका देतच नाहीत, हळू हाताने काम करतात. नको असेल तर आधीच 'नको' म्हणा. राग येत नाही.

कोणाला परत पाठवतो

गेल्या पावसाळ्यात एक रिक्षावाले काका आले. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी कंबर गेली म्हणाले. सरांनी विचारलं, लघवीला लागलेलं कळतं का? काका गप्प झाले. दोन दिवस कळत नव्हतं, बसायची जागाही बधिर झाली होती. लाजेने घरी बोलले नव्हते. सरांनी टेबलावर झोपवलंसुद्धा नाही, माझ्या हातात चिठ्ठी दिली आणि आम्ही थेट रुग्णालयात गेलो. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

असं काही असेल तर आमच्याकडे येऊच नका, तडक रुग्णालय गाठा. पायातली ताकद कमी होत चालली असेल किंवा पडल्यापासून पाठ दुखत असेल तरीही तसंच. ताप येत असेल, वजन आपोआप उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, पूर्वी कॅन्सर झाला असेल तर आधी डॉक्टर. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर फोन करतानाच सांगा.

येताना

सैल कपडे घाला. जुने एक्स-रे, एमआरआय असतील तर आणा, नसतील तर मुद्दाम काढू नका. पहिल्या दिवशी पाऊण तास लागतो आणि बराचसा बोलण्यात जातो. 'नुसतं बोलायचे पैसे घेतले' असं एक आजी जिन्यात मोठ्याने म्हणाल्या होत्या. त्या आता दर महिन्याला येतात, बोलायलाच. दहा-वीस बैठकांचं पॅकेज आम्ही विकत नाही. चार वेळा येऊनही फरक नाही पडला तर सर स्वतःच दुसरीकडे पाठवतात.

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि आमच्या लिफ्टचं काही खरं नाही. बंद असेल तर जिना चढू नका, खालून मिस्ड कॉल द्या. सर खाली येतात, आणि तुम्ही दारापर्यंत कसे चालत येता ते तिथूनच बघत असतात.