भूसंपादनाच्या दाव्यांत सरकारी वकील व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रत्यक्ष काम

आधी एक घोळ मिटवू. एमपीएससीमार्फत भरतात ती सहायक सरकारी अभियोक्त्याची जागा. ते पूर्णवेळ नोकरीत असतात आणि मॅजिस्ट्रेट कोर्टातले फौजदारी खटले चालवतात. भूसंपादनाचा वाढीव मोबदला, ठेकेदारांची बिलं, वसुली हे सरकारी पैशांचे दावे जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहायक पाहतात. ही नोकरी नव्हे, नेमणूक. फी सरकारी दराने मिळते, खासगी प्रॅक्टिस चालू ठेवता येते, मात्र सरकारविरुद्ध उभं राहता येत नाही.

नेमणूक १९८४ च्या विधि अधिकारी नियमांनुसार होते. जिल्ह्यात हाच वकील सहसा सत्र न्यायालयात सरकारी अभियोक्ताही असतो, म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे किमान ७ वर्षांची वकिली हवी. जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांचा सल्ला घेऊन नावांचं पॅनल करतात. सनद (वकिलीचा परवाना), प्रॅक्टिस सर्टिफिकेट, गुणपत्रिका, वकील संघाचं अनुभवपत्र, गुन्हा किंवा शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढी फाइल तयार ठेवा. शेवटी जाहिरातीतली यादीच खरी.

माझ्या मते अर्जाचं वजन ठरतं चालवलेल्या दाव्यांच्या यादीवर. नुसते दावा क्रमांक देऊ नका. उलटतपास तुम्ही घेतला अशी निकालपत्रं जोडा. विदर्भातल्या गोसेखुर्द, बेंबळा यांसारख्या धरण प्रकल्पांच्या भागात भूसंपादनाचा अनुभव फार मोलाचा.

कारण तिथे खरी लढाई कागदावर असते. वरुडकडच्या शेतात संत्र्याची झाडं किती, फळावर आलेली किती, विहिरीला पाणी होतं का, हे सातबारा, संयुक्त मोजणीचा तक्ता आणि पंचनामा शेजारी ठेवून तपासावं लागतं. झाडांची संख्या तिन्हीकडे वेगळी निघाली तर मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची साक्ष घ्यावीच लागते. पुढे व्याज. कोर्टाने मोबदला वाढवला की वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, नंतर १५ टक्के. १० लाखांवर १५ टक्के म्हणजे महिन्याला साडेबारा हजार, आणि रक्कम कोर्टात जमा होईपर्यंत ते चढतच राहतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस मिळतात, त्यामुळे निकालाच्या दिवशीच सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज टाका. अपिलात दम नसेल तर तसा स्पष्ट अभिप्राय लेखी द्या. शेतकऱ्याचे हक्काचे पैसे अडकत नाहीत आणि सरकारचं व्याज वाचतं.

तालुक्यातल्या वकिलाने आधी याच सरकारविरुद्ध शेतकऱ्यांची वकीलपत्रं घेतलेली असतात. अशा चालू दाव्यांची यादी अर्जासोबतच द्या. नेमणूक झाली की ती वकीलपत्रं सोडावी लागतात, आणि ज्या शेतकऱ्याला सल्ला दिला त्याच्या दाव्यात सरकारतर्फे उभं राहायचं नाही. ती फाइल दुसऱ्या सहायक सरकारी वकिलाकडे देण्याचं लेखी कळवा.