पिंगला उत्तर नाही म्हणजे यंत्र बंद, असं कुणी सांगितलं?

परवा अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये पुन्हा तेच ऐकलं. कोपऱ्यातला विंडोज कॉम्प्युटर डोळ्यांसमोर चालू, पंखा घरघरतोय, आणि पोरगा लिनक्स लॅपटॉपवरून पिंग मारून सांगतोय, "सर, डाउन आहे."

पिंग म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला "आहेस का?" विचारणारी कमांड, ते सोडा. गफलत होते ती आर्पपाशी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) शोधायच्या पद्धतीपाशी. पिंगला उत्तर द्यायचं की नाही, ही समोरच्या यंत्राच्या फायरवॉलची, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहारेकऱ्याची मर्जी. विंडोजला नेटवर्क 'पब्लिक' वाटलं की ते बहुधा गप्पच बसतं. आर्पचा प्रश्न वेगळा: "१९२.१६८.१.२३ कुणाचा? मॅक पत्ता सांगा." हा पत्ता कळल्याशिवाय त्या यंत्राला कुणी एक पॅकेटही पोचवू शकत नाही, म्हणून कडक फायरवॉलवालंही इथे सहसा तोंड उघडतं. गंमत म्हणजे पिंग जाण्याआधी लिनक्स आर्प विचारतंच. मी पोराला लगेच 'आयपी नेबर' ही आर्पची उत्तरं दाखवणारी कमांड चालवायला लावलं. कोपऱ्यातल्या यंत्राच्या १९२.१६८.१.२३ पुढे मॅक पत्ता हजर! यंत्र बंद असतं तर 'फेल्ड' किंवा 'इनकम्प्लीट' दिसलं असतं.

खरा खड्डा मात्र एनमॅपमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. 'एनमॅप -एसएन'ला सगळे पिंग स्कॅन म्हणतात, तिथेच फसतात. आपल्याच सबनेटवर (राउटरच्या अलीकडच्या नेटवर्कवर) सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवलंत, तर ते आर्प विचारतं. सुडो विसरलात, तर कच्ची (स्वतः घडवलेली) पॅकेटं पाठवायची परवानगी नसते, मग बिचारं ८० आणि ४४३ या पोर्टांवर (वेबसाठीच्या दारांवर) जोडणी करून बघतं. "पोर्ट बंद आहे" असं उत्तर आलं तरी यंत्र जिवंत धरतं, पण फायरवॉलने विचारणा निमूट गिळली की यंत्र यादीतून गायब. कमांड तीच, नेटवर्क तेच, याद्या दोन! आणि एनमॅप याबद्दल चकार शब्द काढत नाही, याचा मला मनस्वी राग आहे. ओळखायची खूण एकच: यादीत मॅक पत्त्यांच्या ओळी आहेत का बघा.

म्हणून घरी-दुकानात मी 'आर्प-स्कॅन' हा प्रोग्रामच वापरतो. त्याला आर्पशिवाय दुसरं काही येतच नाही, हाच त्याचा गुण. फक्त आर्प राउटर ओलांडत नाही. कॉलेज रोडच्या ऑफिसातून राउटरपलीकडचं अंबड बघायचं तर पिंगकडेच या.

पोराने आधी सुडोविना चालवलेलं एनमॅप आता सुडो लावून पुन्हा चालवलं. दोन यंत्रं वाढली. एक कोपऱ्यातलं. दुसरं बिलिंगचं, जे "डाउन" म्हणून दुरुस्तीला पाठवायला खोक्यात भरायचं चाललं होतं.