नैराश्याचे मापन (बेळगाव सीमाभाग)

प्रौढांमध्ये नैराश्य किती पसरले आहे, हे ठरवण्याची सार्वजनिक आरोग्यातील पद्धत. नैराश्य रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, ते विचारूनच कळते. म्हणजे इथे मोजपट्टी प्रश्नांची आणि प्रश्न भाषेचे. बेळगाव, खानापूर, निपाणी या दुभाषी पट्ट्यात सगळी गोम तिथेच आहे.

सर्वाधिक प्रचलित प्रश्नावली पीएचक्यू-९ (२००१). उदासी, कशात रस न वाटणे, झोप, भूक, थकवा अशा नऊ गोष्टींचा गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला, हे ती विचारते. प्रत्येकी ० ते ३ गुण, बेरीज २७ पर्यंत. १० किंवा त्याहून जास्त आल्यास पुढील तपासणी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला होकार आला तर बेरीज बघत बसू नये.

आता 'बेजार' हा शब्द घ्या. मराठीत तो त्रासून थकलेला माणूस. कन्नड 'बेजारु'त मात्र उदासी, कंटाळा, नाराजी सगळेच येते. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारा माणूस "बेजार झालंय" म्हणतो, तेव्हा तो कुठल्या भाषेतला बेजार, हे आणखी दोन प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. 'नैराश्य' तर पुस्तकीच. बोलण्यात "मन लागंना झालंय" नाहीतर सरळ "टेन्शन". निपाणीत दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला थकव्याबद्दल विचारले, तर ती हो म्हणणारच. तो थकवा कामाचा, अंगात रक्त कमी असल्याचा की मनाचा, हे गुणांवरून उमगत नाही. त्यात सासू शेजारी बसलेली असली तर उत्तरे आणखी बदलतात.

अशी प्रश्नावली ही संशयित रुग्ण वेगळे काढणारी चाळणी. चाळणी म्हणजे निदान नव्हे. मूळ अभ्यासात १० गुणांच्या सीमेवर ही प्रश्नावली रुग्ण आणि निरोगी, दोघांनाही ८८ टक्के वेळा बरोबर ओळखत होती. हजार माणसांत खरे रुग्ण ५० धरले, तर त्यांतले ४४ सापडतील. पण ९५० निरोगींपैकी ११४ जणही चाळणीत अडकतील. ही १५८ ची बेरीज 'रुग्णसंख्या' म्हणून छापणे चूकच.

निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात म्हणून प्रश्नावलीऐवजी निदानासाठी बेतलेली मुलाखत वापरली गेली. प्रौढांत चालू नैराश्य २.७ टक्के आढळले. त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांना उपचार मिळत नव्हते. सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत कर्नाटक नव्हते, आणि महाराष्ट्रही नव्हता.